डोंबिवली ते वसई, १९९४–२०१०: बँडच्या कॅसेटी आणि रॅपच्या फायली डिजिटल करायच्या आहेत

खिडकीतला_बास:

नमस्कार मंडळी. डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बोरिवली आणि वसई भागातल्या जुन्या रॉक बँडचा, शिवाय २००५ नंतरच्या दोन रॅप गटांचा ऐवज एका पेटीत जमा झाला आहे. सगळ्यांची तोंडी परवानगी आहे. पेटीत आहे ते असं:

३८ कॅसेटी. सी-६० आणि सी-९० मिसळून, मेल्ट्रॅक, टी-सिरीज, सोनी, टीडीके. बहुतेक जॅमरूममधलं (बँडच्या सरावाच्या खोलीतलं) रेकॉर्डिंग, थोडे कॉलेज फेस्टचे कार्यक्रम. ५-६ कॅसेटींच्या फितीच्या कडेला पांढरी पूड दिसते. एक कॅसेट तर अशी की ए बाजू निम्म्या वेगाने रडत चालते आणि बी बाजू उलटी वाजते.

२२ सीडी-आर. काहींवर कागदी स्टिकर.

४० जीबीची एक जुनी आयडीई हार्ड डिस्क. तिच्यात फ्रूटीलूप्स आणि कूल एडिट या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या फायली, एमपी३, आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या एएमआर फायली.

प्रश्न: सुरुवात कुठून करावी? कॅसेटचा मूळ वेग बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? आवाज कितपत 'साफ' करावा? परदेशी गाण्यांच्या बीटवर केलेलं रॅप नेटवर टाकता येईल का? आणि ज्यांवर तारीखच नाही त्यांचं काय करायचं?

---

फेरिक:

आधी सीडी-आर आणि हार्ड डिस्क, कॅसेटी नंतर. लोक नेमकं उलटं करतात. कॅसेट हळूहळू बिघडते, आवाज मंद होत जातो, तरी ऐकू येत राहतो. सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर गेला की आज वाजणारी चकती सहा महिन्यांनी ड्राइव्हला दिसतच नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम सिक्युअर मोडवर लावून काढा. एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला, बऱ्याचदा वाचते. स्टिकर सोलायला जाऊ नका, खालचा चकाकता थर त्याच्याबरोबर निघून येतो.

हार्ड डिस्क जुन्या पीसीला लावून थेट विंडोज चालू करू नका. चाळीस पिनांचं यूएसबी अडॅप्टर मिळतं, १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलंच घ्या. जंपर 'मास्टर'वर ठेवा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी पूर्ण इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढा. पुढचं सगळं काम इमेजवर. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आता कॅसेटी. पहिलं काम स्क्रूड्रायव्हरचं: कॅसेटच्या पाठच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या (टॅब) तोडून टाका. कुणी सेलोटेप लावून भोकं बुजवली असतील तर टेप काढा. चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी डेक रेकॉर्ड करणार नाही.

पांढरी पूड म्हणजे बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. त्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधा आणि चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका, एकीची बुरशी हेडमार्गे पुढच्या दहांना लागते. उघड्या हवेत, एन-९५ मास्क लावून, एका भंगार डेकवर कोरड्या मऊ कापडातून फीत सावकाश गुंडाळत पुसायची. इंटरनेटवर कॅसेट ओव्हनमध्ये भाजायचे सल्ले दिसतील. तो इलाज चिकट झालेल्या ठरावीक फितींचा, मुख्यतः मोठ्या स्पूलच्या. आपल्या साध्या फेरिक कॅसेटींना तो लागत नाही.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत मोकळी होते. मग खिडकीतून डोकावून पाहा, फितीमागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याची इवलीशी गादी असते. तिचा डिंक सुकून ती गळलेली असली तर उंच सूर येत-जात राहतात आणि माणूस उगाच हेड घासत बसतो. निकामी कॅसेटची गादी चिमट्याने काढून बसवा. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातं ठेवून हलकेच फोडा आणि दोन्ही चक्रं पाच स्क्रूंच्या रिकाम्या कवचात हलवा.

डेक तीन हेडांचा मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा पण बेल्ट बदललेला. यूएसबीवाले स्वस्त 'कॅसेट कन्व्हर्टर' घेऊ नका, त्यांचा वेग डुलतो. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारी धातूची कांडी) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर चार-पाच कॅसेटींनंतर. रबरी चाकाला ओलसर कापड पुरे.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: अॅझिमथ. हेड फितीला काटकोनात हवं. ज्या टेपरेकॉर्डरवर जॅमिंग रेकॉर्ड झालं त्याचं हेड वाकडं असेल, तर तुमचं हेडही तितकंच वाकडं करावं लागतं. हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू, मोनोमध्ये ऐकत पाव पाव फेरा फिरवायचा. झांजा सगळ्यात लखलखीत वाजतील तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने. यात झालेली चूक नंतर सॉफ्टवेअरने जेमतेमच सुधारते.

डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, तिथे बहुधा मोनो मिळतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, पीक उणे ६ डीबीच्या खाली. तासाला साधारण २ जीबी होतात. सरासरी ७५ मिनिटं धरली तर ३८ कॅसेटींचे ४७-४८ तास आणि १०० जीबीच्या आतबाहेर जागा. डॉल्बीचं (फितीची सूंसूं कमी करणारं) बटण बंदच ठेवा. कव्हरवर 'डॉल्बी बी' लिहिलेलं असेल तरच चालू करून पाहा.

उलटी वाजणारी कॅसेट म्हणजे पेटीतला सगळ्यात मौल्यवान ऐवज. ती फोर-ट्रॅकवर केलेली आहे. साध्या कॅसेटमध्ये दोन ट्रॅक जाताना आणि दोन येताना असतात. पोर्टास्टुडिओसारखी यंत्रं चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहितात आणि पुष्कळदा दुप्पट वेगाने, ४.७६ ऐवजी सेकंदाला ९.५ सेंटिमीटर. म्हणून तुमच्याकडे ती निम्म्या वेगाने रडते. ए बाजू रेकॉर्ड करा, १ आणि २ मिळतील. बी बाजू रेकॉर्ड करा: डावीकडे ४, उजवीकडे ३, तेही उलटे. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये रिव्हर्स करा, चारही ट्रॅकचा वेग दुप्पट करा, सुरुवात जुळवा. वेग बदलताना 'चेंज स्पीड' वापरायचं. 'चेंज टेम्पो' घेतलात तर सूर निम्म्या वेगाचाच राहील. दोन बाजू दोन वेळा वाजल्यामुळे थोडा फरक पडतोच, दर मिनिटाला जुळवून घ्यावं लागेल. तरी गायक वेगळा आणि गिटार वेगळी हातात येते, अजून काय पाहिजे!

राहिला वेग. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण हमखास असते. स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा, ती ५० हर्ट्झवर दिसायला हवी. ५१.५ वर दिसली तर कॅसेट ३ टक्के पळते आहे, म्हणजे सूर जवळजवळ पाव स्वर चढलेला.

---

वायरमन:

@फेरिक, बाकी सगळं शंभर नंबरी, पण शेवटच्या मुद्द्याला आक्षेप आहे. ५० हर्ट्झची युक्ती युरोपातल्या टेपांना ठीक. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ग्रिडचीच वारंवारिता ठरलेली नसायची. संध्याकाळी भार वाढला की ती ४८.५ पर्यंत घसरायची आणि रात्री ५१ च्या पुढे जायची. पश्चिम विभागात जुलै २००२ मध्ये उपलब्धतेवर आधारित वीजदर लागू झाले, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. ४८.५ म्हणजे ३ टक्के कमी. जी चूक मोजायची तेवढीच पट्टी खोटी. आणि जॅमिंग संध्याकाळीच असायचं.

त्यापेक्षा बँडमध्ये कीबोर्ड आहे का पाहा. कॅसिओ किंवा यामाहाचा कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या 'ए' सुरावर पक्का असतो, त्याला भाराशी देणंघेणं नाही. गिटारवर विसंबू नका. अर्धा स्वर उतरवून वाजवणारे कित्येक बँड होते, आणि तीन गिटारींत दोन ट्यूनर असले तरी पुष्कळ म्हणायचं. गुणगुण हाताशी ठेवा, पण ती २००३ नंतरच्या कॅसेटींना लावा.

---

दहा_बाय_दहा:

'कितपत साफ करावं' याला माझं उत्तर: मूळ प्रतीला हातही लावायचा नाही. ऐकायला वेगळी प्रत काढा आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करा. पण प्रयोग करण्याआधी हा आवाज असा का झाला ते ओळखा, नाहीतर दोष सोडून भलतंच कापाल.

उपनगरातली जॅमरूम म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरची किंवा गाळ्यातली दहा बाय दहाची खोली. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग ३४३ धरला तर अशा खोलीची पहिली घुमणारी वारंवारिता ५६ हर्ट्झ येते. बेस गिटारची मोकळी 'ए' तार ५५ हर्ट्झची. लांबी दहा, रुंदी दहा, वर छतही दहा, म्हणजे तिन्ही बाजूंनी एकच सूर घुमतो. म्हणून या कॅसेटींत बेस 'ए'वर आला की ढगफुटी होते, आणि त्याखालच्या 'ई'वर (४१ हर्ट्झ) गेला की गायब. बेसिस्टला उगाच शिव्या. ऐकायच्या प्रतीत ५६ च्या आसपास अरुंद पट्टा ३-४ डीबी उतरवला तरी पुष्कळ मोकळं वाटतं. भिंतीवरच्या अंड्यांच्या ट्रेनी थोडी वरच्या सुरांची चरचर तेवढी कमी व्हायची. बेस त्यातून सरळ शेजाऱ्यांच्या देवघरात.

दुसरी गोष्ट, गिटारचा तो गांधीलमाशीसारखा आवाज. पुष्कळ जागी गिटारचा अॅम्प एकच असायचा, मग दुसरी गिटार डिस्टॉर्शन पेडलमधून थेट अहुजाच्या पीए (सभेतल्या लाउडस्पीकरच्या) अॅम्पमध्ये. गिटारच्या स्पीकरचा कागदी कोन ५ किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं गिळून टाकतो, डिस्टॉर्शनची चरचर तिथेच राहते. पीएचा हॉर्न मात्र ती इमानदारीने बाहेर फेकतो. त्यात बॉसचा एमटी-२ (डिस्टॉर्शन पेडल) असेल आणि मधले सूर पार उतरवून 'व्ही' केलेला असेल (सगळ्यांचा असायचाच), तर गिटार एकटी भव्य वाटते आणि झांजा-ड्रमबरोबर बुडून जाते. गिटारचा ट्रॅक सुटा मिळाला, जसा फोर-ट्रॅकवर मिळेल, तर ५-६ किलोहर्ट्झवर लो-पास (त्यावरचे सूर कापणारा फिल्टर) लावा. मिश्र रेकॉर्डिंगवर लावू नका, झांजा मरतील.

झूम ५०५ सारख्या गिटार प्रोसेसरमध्ये नॉइज रिडक्शन असायचं, ते जास्त लावलं की लांबवलेला सूर शेवटी कात्रीने कापल्यासारखा तुटतो. तो फितीचा दोष समजून दुरुस्त करत बसू नका.

तिसरी, 'श्वास' घेणारं रेकॉर्डिंग. स्नेअर ड्रम वाजला की सगळा बँड दबतो आणि सेकंदाभराने पुन्हा वर येतो. ही खोलीच्या मधोमध ठेवलेल्या टेपरेकॉर्डरची ऑटोमॅटिक लेव्हल. माझ्या मते यावर इलाज नाही. एक्सपांडर (आवाजातला चढउतार वाढवणारं साधन) लावून बघाल तर दोन आजार होतील.

हिस (फितीची सततची सूंसूं) काढायची तर गाणं सुरू व्हायच्या आधीची २-३ सेकंदं नमुना घ्या आणि ६ डीबीपेक्षा जास्त काढू नका. त्यापुढे गेलात की झांजा पाण्याखाली वाजू लागतात.

कार्यक्रमांच्या कॅसेटींत दोन जाती ओळखा. मिक्सरवरून घेतलेली असेल तर गायक छाताडावर बसल्यासारखा आणि ड्रम-गिटार लांब, कारण छोट्या सभागृहात ड्रमला माइक लागत नाही आणि अॅम्प आपापले ओरडत असतात. प्रेक्षकांतून घेतलेली असेल तर उलट. एकाच कार्यक्रमाच्या दोन्ही असतील तर लॉटरी लागली समजा, एकावर एक ठेवा. प्रेक्षकांतला रेकॉर्डर स्टेजपासून १५ मीटरवर असेल तर तो ट्रॅक सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढा आधीच्या बाजूला खेचा. दोन यंत्रांचे वेग सारखे नसतात, म्हणून प्रत्येक गाणं वेगळं जुळवायचं.

---

ओळीवर_ओळ:

रॅपच्या डिस्कबद्दल. फ्रूटीलूप्स १९९७ चं, २००३ मध्ये त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं. जुन्या एफएलपी फायली आजच्या आवृत्तीत बहुधा उघडतात. विकत घ्यायची गरज नाही, चाचणी आवृत्तीतून वेव्ह एक्स्पोर्ट करता येतं. फक्त तिच्यात सेव्ह केलेली फाइल नोंदणी केल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, म्हणून एका बैठकीत संपवा. एक्स्पोर्ट करताना मिक्सरचे ट्रॅक वेगवेगळे काढायचा पर्याय निवडा.

गाडी अडते ती सॅम्पलवर. एफएलपी फाइलमध्ये आवाज नसतो, 'सी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, किक ३' एवढा पत्ता असतो. म्हणून डिस्कवरून फक्त एफएलपी उचलू नका, पूर्ण इमेजमधून वेव्ह शोधा आणि ते फोल्डर सॉफ्टवेअरच्या शोध-यादीत घाला. कूल एडिटच्या सेशन फाइलचंही तेच, तिच्यात नुसती मांडणी असते.

एमपी३ ना स्पेक्ट्रोग्राममधून बघा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली तर बहुतेक १२८ केबीपीएसची फाइल. तिला वेव्हमध्ये बदलून 'मास्टर' नाव देऊ नका, आहे ती एमपी३ तशीच ठेवा. मोबाइलच्या एएमआर फायली ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगच्या, ४ किलोहर्ट्झच्या वर त्यांत काहीच नाही. एफएफएमपेगने उघडतात. त्यांना 'ब्राइट' करायला गेलात तर फक्त खरखर वाढेल.

रॅप ऐकताना एक गोष्ट खटकेल: शब्द बीटच्या किंचित मागे पडतात. काही जण याला 'लेड बॅक फील' म्हणतील. पुष्कळदा तो साउंडकार्डाचा उशीर असतो. एएसआयओ (कमी उशिराचा ड्रायव्हर) नसलेल्या साध्या कार्डावर हेडसेटच्या माइकने घेतलेला आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे बसायचा. सेशन फाइल मिळाली तर पहिल्या टाळीवरून किंवा श्वासावरून मोजा. सगळ्या ओळी एकसारख्या मागे असतील तर कार्डाचा उशीर, कमीजास्त असतील तर माणसाचा. माणसाचा असेल तो सरळ करू नका.

हेडसेटचा माइक तोंडासमोर असल्यामुळे भ, फ, ध, थ वर हवेचा फटका बसतो. इंग्रजी रॅपपेक्षा मराठी-हिंदीत हे जास्त, कारण आपल्याकडे महाप्राण ओळीओळीला. ऐकायच्या प्रतीत ८० हर्ट्झच्या खालचं कापा आणि उरलेले फटके एकेक करून हाताने उतरवा. 'चमचा'तला दंत्य च आणि 'स' वर डी-एसर (सकाराची धार कमी करणारं साधन) लावाल तर हलका लावा, नाहीतर च चा स होतो आणि पोरगं बोबडं वाटायला लागतं.

शब्द लिहून काढाच, आणि ज्याने म्हटले त्याच्याकडून तपासून घ्या. उच्चारले तसे लिहा. 'आलोय' ला 'आलो आहे' केलंत तर मात्रा मोडते. दर चार बारला (बार म्हणजे चार ठोके) वेळेची खूण घाला. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार बार म्हणजे १०.७ सेकंद, सोळा बारचं एक कडवं पाऊण मिनिटाच्या आत संपतं. मिश्र भाषा आहे तशी ठेवा. मुंबईच्या 'स्वदेशी'सारख्या रॅप गटात एमसी मवाली मराठीतून म्हणतो आणि शेजारचा दुसऱ्या भाषेत, तीच त्या आवाजाची ओळख. उपनगरातल्या गटांचीही वीण तशीच आहे, तिला प्रमाण मराठीची इस्त्री नको.

आणि साधनं कमी दर्जाची म्हणून फायली टाकाऊ समजू नका. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ चं 'आफत' आयपॅडवर केलं होतं.

---

जे_कार्ड:

तारखांसाठी कॅसेटच्या आतला कागद बघा. ६०० डीपीआयवर दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, पेन्सिलीने लिहिलेलं सुद्धा. त्यावर 'बुकिंगसाठी संपर्क' असतो. मुंबईचा नंबर सात आकडी असेल तर ती साधारण २००२ च्या आधीची, कारण त्यानंतर पुढे २ लागून तो आठ आकडी झाला. ०२५१ म्हणजे कल्याण-डोंबिवली, ०२५० म्हणजे वसई-विरार. पेजर नंबर असेल तर नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. 'बॉम्बे' छापलंय म्हणून १९९५ च्या आधीची ठरवू नका, रॉकवाल्यांनी ते नाव पुढे कित्येक वर्षं सोडलं नव्हतं. मायस्पेसचा पत्ता असेल तर २००३ च्या अलीकडची, ऑर्कुटचा असेल तर २००४ ते २०१४ मधली.

कार्यक्रमाच्या जागेवरूनही कळतं. इंडिपेंडन्स रॉक (आय-रॉक, रॉक बँडचा महोत्सव) १९८६ ला सुरू झालं आणि त्याचं घर धोबीतलावचं रंगभवन. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. रंगभवन झेव्हियर्स कॉलेजला खेटून, रुग्णालयंही जवळच. पुढच्या काही वर्षांत रॉकला तिथून गाशा गुंडाळावा लागला, आणि नंतरचं आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर दिसतं. उपनगरातल्या पोरांसाठी तो एका अर्थी फायदाच झाला, गिटार घेऊन चर्चगेटपर्यंत लटकायचं वाचलं. 'लाइव्हवायर' लिहिलं असेल तर पवई आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टची बँड स्पर्धा, म्हणजे डिसेंबर. वर्ष मिळालं नाही तरी महिना मिळतो.

कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधलं बोलणं कापू नका. 'हे नवीन गाणं' एवढं एक वाक्य कधी कधी पूर्ण क्रम लावून देतं. जुन्या फिल्मी कॅसेटवर रेकॉर्ड केलेलं असेल तर शेवटी उरलेलं मूळ गाणंही राहू द्या. ती फिल्मी कॅसेट बाजारात आली त्या वर्षाच्या आधीचं हे रेकॉर्डिंग असूच शकत नाही.

फाइलीचं नाव: वर्ष, बँड, जागा, कॅसेट क्रमांक, बाजू. वर्ष नक्की नसेल तर '१९९८ सुमारे' लिहा, ठोकून देऊ नका.

कुणी 'आमची गाणी मायस्पेसवर होती' म्हणत असेल तर: २००३ ते २०१५ मधलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, हे मार्च २०१९ मध्ये उघड झालं. पण इंटरनेट आर्काइव्हवर 'मायस्पेस ड्रॅगन होर्ड' नावाने ४ लाख ९० हजार एमपी३ वाचलेल्या आहेत, बहुतेक २००८ ते २०१० च्या. बँडच्या नावाने शोधा. इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघायचं, त्या काळात 'एस'च्या जागी 'झेड' घातल्याशिवाय बँड होत नसे.

---

पावती_पुस्तक:

तोंडी परवानगीवर जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीन वेगळी कुलपं आहेत. शब्द आणि चाल: कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रण: प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, मालक 'निर्माता', म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग केलं तो. तो बँडबाहेरचा मित्रही असू शकतो. तिसरं कलाकाराचा हक्क, ५० वर्षं, त्यात ड्रमरही येतो. एका पानावर सगळ्यांच्या सह्या: कोणती गाणी, कुठे ठेवणार, पैसे आले तर कसे वाटणार, नाव कसं छापणार. सोडून गेलेल्या दुसऱ्या गिटारिस्टची सही हमखास राहते आणि भांडण तिथूनच उगवतं.

परदेशी गाण्याच्या बीटवरचं रॅप: संग्रहात ठेवा, नेटवर नको. मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं आहे, शब्द तुमचे असले तरी. टाकलं तर यूट्यूबची यंत्रणा काही मिनिटांत ओळखते. मार्ग एवढाच, आवाजाचा ट्रॅक सुटा असेल तर त्याखाली नवीन बीट बांधायची. सुटा नसेल तर डिमक्ससारख्या साधनाने वेगळा काढता येतो, पण १२८ च्या एमपी३ मधून काढलेला आवाज ओलसर लागतो.

'फ्री बीट' म्हणून डाउनलोड केलेली असेल तर अटी वाचा. बहुतेक वेळा ती विनाव्यवसाय वापरापुरती फुकट असते.

कव्हर गाण्यांसाठी (दुसऱ्यांची गाणी आपण वाजवलेली) कलम ३१ सी आहे, पण त्यात मूळ गाण्याला पाच वर्षं झालेली हवीत आणि वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. जॅमरूममधल्या कॅसेटसाठी हा सोस कुणी करू नये. कव्हरं पेटीत, स्वतःची गाणी बाहेर.

---

खिडकीतला_बास:

सगळ्यांचे आभार. सीडी-आर २२ पैकी १९ निघाल्या, दोन दुसऱ्या ड्राइव्हवर. फोर-ट्रॅकची कॅसेट फेरिक यांनी सांगितल्याप्रमाणे काढली: १ वर गिटार, २ वर बेस, ३ वर गाणं. बी बाजूच्या डाव्या कानात, म्हणजे ट्रॅक ४ वर, गाणं संपेपर्यंत फक्त 'टक टक टक' आहे. हे पुसून टाकू का? आणि या कॅसेटमध्ये कीबोर्ड नाही, मग वेग कशावरून धरू?

---

फेरिक:

पुसू नका हो! तो ड्रम मशीन नाहीतर कीबोर्डवरच्या मेट्रोनोमचा क्लिक आहे. ड्रम नंतर भरायचे असणार आणि राहून गेले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोच. अशा यंत्रांवर टेम्पो बहुतेक पूर्ण आकड्यातच लावायचे. पहिल्या टकपासून शंभर अंतरं मोजा, म्हणजे १०१ वा टक, आणि सेकंद बघा. ५० सेकंद आले तर १२० बीपीएम. ४८.५ आले तर १२३.७ होतात. असा आकडा कुणी मशीनवर लावत नाही, म्हणजे कॅसेट बहुधा ३ टक्के पळते आहे. मात्र १२४ ही शक्यता तपासून टाका, त्याला ४८.४ सेकंद लागतील. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे, म्हणून कानाने मोजू नका, वेव्हफॉर्मवर टकचं टोक धरा. वेग धरलात की मोकळ्या तारांचा सूर लावून बघा. बेसचा 'ए' ५५ हर्ट्झवर किंवा अर्धा स्वर खाली ५१.९ वर पडला की वेग बरोबर. मधेच कुठेतरी लटकला तर दुसरा आकडा धरून पुन्हा मोजा.

@वायरमन, ग्रिडचं मान्य. धाग्यातला आधीचा प्रतिसाद संपादित करता आला असता तर केला असता.

---

दहा_बाय_दहा:

ट्रॅक २ वरचा बेस पेडलमधून थेट यंत्रात घातलेला दिसतोय का बघा. 'ए'वर ढगफुटी नसेल तर खोली मध्ये आलीच नाही. मग ५६ ची कापाकापी या कॅसेटला करू नका.